हेल्मेटला मार्जिन नसतं

३ फेब्रुवारी. सकाळी बऱ्यापैकी थंडी, दुपारी ऊन. आभाळ स्वच्छ.

डायरीत एवढंच लिहून थांबायचा माझा विचार होता. पण शिलाईच्या कारखान्यात चिंध्या आणि किस्से सारखेच जमतात. चिंध्या निदान संध्याकाळी झाडून टाकता येतात. किस्से मात्र दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी दोन बोटं लांब होऊन परत येतात! म्हणून मी ते घडले त्याच मापात लिहून ठेवतो.

त्या दिवशी नोटीस लागली. आम्ही शाळेचे युनिफॉर्म शिवणारे लोक. आमचा कारखाना शहरातून बिडकीनला गेला, तेव्हापासून कंपनीची व्हॅन आम्हाला नेत-आणत होती. नोटिशीत लिहिलं होतं, की मार्चअखेर व्हॅन बंद. ३१ मार्चला सकाळी आठच्या आत ज्याची स्वतःची गाडी आणि हेल्मेट गेटवर पास होईल, त्याचंच नाव यादीत राहील. बाकीच्यांनी दुसरं काम बघावं.

माझं वय बावन्न. आजवर सायकलच चालवली. स्वतःचं दुकान होतं, ते रेडीमेड कपड्यांपुढं टिकलं नाही. या वयात दुसरीकडं मशीन कोण देणार? मी त्याच रात्री ठरवलं, की यादीत नाव राहिलंच पाहिजे. मेहुण्याची जुनी मोटरसायकल आणली. महिनाभर मैदानावर पडलो, उठलो, परत बसलो. मार्चच्या मध्यात लायसन्स हातात आलं.

अडलं ते डोक्यावर.

*

हेल्मेट घ्यायला गेलो तो टेप गळ्यात घालूनच. छत्तीस वर्षं लोकांची मापं घेतली, स्वतःच्या डोक्याचं माप दुसऱ्याला कशाला घेऊ द्यायचं? भुवयांच्या वरून, कानांच्या वरून, मागच्या उंचवट्यावरून टेप फिरवला. साडेबावीस इंच.

दुकानदार म्हणाला, "म्हणजे सत्तावन्न सेंटिमीटर. मीडियम द्या काकांना."

मी म्हणालो, "नको. साठ नंबर द्या. इंचभर मार्जिन असू दे."

"मार्जिन कशाला?"

"अंगासरशी कपडा कधी शिवू नये. पुढं लागतं."

दुकानदार म्हणाला, "काका, तुमचं डोकं वाढायचं वय गेलं आता!"

मी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी हौसेनं ते घालून गेटवर गेलो. आमच्या गेटवर घुगे नावाचे वॉचमन आहेत. त्यांची तपासणी सरळ असते. पट्टा लावायला सांगायचं, मागं उभं राहून हेल्मेटच्या खालच्या कडेला बोटं घालायची आणि पुढं ओढायचं. निघालं तर नापास.

माझं हेल्मेट ओढायची वेळच आली नाही. त्यांनी डावीकडून हाक मारली, मी डावीकडं मान वळवली. मान वळली, हेल्मेट समोरच बघत राहिलं.

घुगे काचेवर टकटक करून म्हणाले, "मास्टर, आत हाय का कुणी?"

*

शिंप्याला ढिला कपडा दिसला की त्याचा हात थांबत नाही. मी घरी आलो, गोधडीचा एक तुकडा घेतला, चार थर केले, चौकड्यांची शिलाई मारली आणि हेल्मेटच्या आत टाचून टाकला. बसवल्यावर असं घट्ट झालं, की मी स्वतःची पाठ थोपटली.

गेटवर घुग्यांनी मागून बोटं घातली, ओढलं. हेल्मेट त्यांच्या हातात आलं. गोधडी माझ्या डोक्यावर राहिली.

काज-बटणाच्या मशीनवर बसणाऱ्या शाहेदाआपा मागं स्कूटीवर थांबल्या होत्या. त्या हसत नाहीत, सरळ बोलतात. "मास्टर, टोपी अच्छी सिली तुमने. बस टोपा नक्को था उसपे!"

घुग्यांच्या वहीत माझ्या नावापुढं दुसरं 'नापास' पडलं.

*

कटिंगवाले कदम माझ्याहून दहा वर्षांनी लहान आणि दुप्पट रुंद. त्यांनी जालना रोडच्या फूटपाथवरून काळंभोर, चकचकीत हेल्मेट आणलं. वजनाला इतकं हलकं, की वाऱ्यानं टेबलावरून पडलं.

घुग्यांनी विचारलं, "आयएसआय हाय का?"

"व्हय! हे बघा की स्टिकर."

घुग्यांनी स्टिकरवर अंगठा दाबला. अंगठा उचलला तर स्टिकर अंगठ्याला चिकटून आला.

कदम म्हणाले, "अहो घुगे, हे काय डोक्यासाठी घेतलंय का? हे पोलिसासाठी असतंय!"

"मग पोलिसाच्या डोक्यावर ठेवा, आन् तुमच्यासाठी दुसरं आणा."

कदम गाडी वळवत होते. जाता जाता ओरडले, "स्टिकर तेवढं जपा घुगे! आजपासून तुमचा अंगठा आयएसआय झाला!"

*

सोपान आमच्याकडं गठ्ठे बांधतो. तो पाचोडकडचा. घरी मेंढरं आहेत, भाऊ राखतो. सोपानच्या डोक्याला तांबडा पटका असतो आणि तो पटका त्याच्या वडिलांसारखाच बांधलेला. त्यानं बाजारातलं सगळ्यात मोठं हेल्मेट आणलं. तरी ते पटक्यावर दुरडीसारखं बसलं.

घुगे म्हणाले, "पटका काढ."

"नाय काढायचा."

"मग डोकं कसं वाचंल?"

सोपाननं हेल्मेट काखेत मारलं. तसाच माघारी गेला. दोन दिवसांनी आला तो बरोबर मापाचं हेल्मेट घालून, आणि तांबडा पटका हेल्मेटच्या वरून बांधून! घुग्यांनी दोनदा फेरी मारली. खाली बोटं घालून ओढलं. हललं नाही. काचेसमोर काही येत नव्हतं.

"आता हे वरून कशाला रं?"

"तसा घरी गेलो तर मेंढरं उधळतेत. कुत्रं तर काल अंगावरच आलं. मालक हाय का चोर हाय, त्याला कळायला नको?"

घुग्यांनी वहीत लिहिलं, ते मी वाचलं आहे. 'हेल्मेट पास. वर कुत्र्यासाठी कापड.'

*

मग मी जॅकेटच्या मागं लागलो. रस्त्यावर घसरलं तर कोपर, खांदा आणि पाठ आधी लागते, हे मैदानावर कळलं होतं. पॅड मात्र दुकानातूनच विकत आणले. गोधडीचा धडा मला पुरला होता. जाड डेनिमचं बाहेरचं जॅकेट तेवढं मी शिवलं, आतून पॅडांचे खिसे केले. आरशापुढं उभं राहून बघितलं. एकेक पॅड जागेवर.

गाडीवर बसलो, हँडल धरलं, आणि कोपराचे पॅड दंडावर गेले!

सगळी मापं मी उभ्या माणसाची घेतली होती. गाडी चालवणारा माणूस उभा नसतो. जॅकेट उसवलं, गाडी अंगणात स्टँडवर लावली, वर चढून बसलो आणि बायकोच्या हातात टेप दिला.

तिनं पाठीचं माप घेतलं, बाहीचं घेतलं. मी म्हणालो, "हात वाकलेला असतानाचं घे. मान पुढं असतानाचं घे."

ती म्हणाली, "तुमच्या दुकानात एखाद्या गिऱ्हाईकानं असं बसून माप दिलं असतं, तर तुम्ही त्याला टेपनं मारलं असतं!"

पण पॅड जागेवर आले.

*

शेवटी मीडियम घेतलं. आधी शाहेदाआपांना विचारलं, कारण त्या पहिल्याच दिवशी पास झाल्या होत्या.

त्या म्हणाल्या, "गालपे कसके बैठना. पैले दिन तंग लगताच है. घर में आधा घंटा पैनके बैठो. माथे में एकीच जगा दुख्या तो वापस करो, नै तो रक्खो."

मी संध्याकाळी घड्याळ लावून, हेल्मेट घालून पलंगावर बसलो. काच खाली. बायको समोर गवार मोडत बसली होती. तिनं विचारलं, "ऐकू येतं का काही?"

मी मिनिटं मोजत होतो. उत्तर द्यायचं राहिलं.

तिनं पुन्हा विचारलं नाही. गवार मोडत मोडत बोलायला लागली. लग्नात माझ्या बहिणीनं काय म्हटलं होतं इथून सुरुवात केली. दुकान बंद झालं तेव्हा मी आठवडाभर कुणाशी बोललो नव्हतो, त्या दिवसांत ती देवाला काय म्हणत होती, तिथपर्यंत आली. शेवटी म्हणाली, "यादीत नाव नाही आलं तरी चालेल. पण धडपणे घरी या."

अर्धा तास झाला. मी हेल्मेट काढलं. कपाळ कुठंच दुखत नव्हतं.

ती म्हणाली, "बरं बसतंय का?"

"बरं बसतंय."

त्यातून सगळं नीट ऐकू येतं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

*

३१ मार्च. पहाटे आभाळ होतं, सातला ऊन पडलं.

मी पावणेसातला निघालो. पैठण रोडनं, चाळीसच्या वर न जाता. सात चाळीसला कारखान्याच्या अलीकडच्या चहाच्या टपरीवर पोहोचलो. कदम आणि शाहेदाआपा तिथंच होत्या. सगळ्यांत राहिलो होतो मी एकटा. कदमांचं नवं हेल्मेट आदल्याच दिवशी पास झालं होतं.

मी हेल्मेट काढून बाकावर ठेवलं. कदम माझं अभिनंदन करायला उठले, आणि परत बसले ते पट्ट्याच्या बकलावर.

कट् असा आवाज झाला.

बकलाचे दोन तुकडे! कदमांचा चेहरा पांढरा पडला. "मास्टर, माझं घ्या." त्यांचं हेल्मेट मला गळ्यापर्यंत येत होतं. सात पंचेचाळीस झाले होते. दुकान शहरात.

मी गाडी ढकलत गेटपर्यंत नेली. घुग्यांनी पट्टा बघितला. "पट्टा लागल्याबिगर मला ओढता येत नाय, मास्टर. आन् आठनंतर वही हापिसात जाती."

मी म्हणालो, "घुगे, परीक्षा हेल्मेटची आहे ना? पट्टा पक्का केला तर ओढाल?"

"पक्का करा, ओढतो."

शाहेदाआपांनी स्कूटी लावली. ओढणीच्या कडेला खोचलेली सुई काढली, पर्समधून नायलॉनचा दोरा काढला. "बैठो मास्टर. मुंडी उप्पर. हिल्ना नै."

मी गेटच्या कट्ट्यावर बसलो. त्यांनी माझ्या हनुवटीखाली पट्ट्याची दोन्ही टोकं एकावर एक धरली आणि दुहेरी बखिया घालायला सुरुवात केली. कडेनं चौकोन, मधून फुली. कदम घड्याळ बघून मिनिटं ओरडत होते. गेटवर आलेला सोपान मला ऊन लागू नये म्हणून आडवा उभा राहिला होता. आपांनी दातानं दोरा तोडला.

घुग्यांनी बोटं घातली आणि ओढलं. मग दोन्ही हातांनी ओढलं. माझ्या टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या.

"हेल्मेट नाय येत," घुगे म्हणाले. "मास्टरच येतेत!"

वहीत वेळ पडली सात अठ्ठावन्न. गाडी आत लावून आम्ही पळत मशीनवर गेलो. उसवायला वेळ नव्हता, हेल्मेट डोक्यावरच राहिलं. आपांची जेवणाची सुट्टी एक वाजता.

अकराच्या सुमारास मालक दोन पाहुण्यांना घेऊन फिरत आले. मी कॉलरला दाबाची शिलाई मारत होतो. पाहुणे माझ्या मशीनपाशी थांबले. एकानं वाकून काचेतून माझ्याकडं बघितलं.

"हे कॉलर शिवताना हेल्मेट?"

मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी मशीन थांबवलं नाही.

मालक म्हणाले, "आमच्याकडं सेफ्टी फार कडक आहे."

आपांनी एक वाजून पाच मिनिटांनी टाके उसवले. तोवर एकोणीस कॉलर झाल्या होत्या. एकोणीसही पास. पट्टा पुन्हा सुटा झाला होता, म्हणून गाडी तिथंच ठेवून मी शेवटच्या व्हॅननं घरी आलो. निघण्यापूर्वी यादी लागली. अकरा नावं. माझं सातवं.