देव्हाऱ्यातलं कार्ड

आमच्या तेर गावच्या स्टँडवर मी पोराच्या खांद्यावर मान टाकून पुण्याच्या गाडीत चढले, तेव्हा धाकटा भाऊ नामदेव खिडकीशी येऊन म्हणाला, "अक्का, उन्हाचं हाय. कांदा हुंग." मेडिकलमधून आणलेल्या खोकल्याच्या गोळ्या खाऊन मी दोन दिवसांत तीनदा बेशुद्ध पडले होते. गोळ्यांवर कुणाचा संशय नव्हता. ऊन मात्र बदनाम.

पुण्याच्या डॉक्टरांनी छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली. म्हणाले, हृदयाच्या विजेत जन्मापासून खोट आहे. एरवी चालून जातं, पण खोकल्याच्या, घशाच्या, उलटीच्या काही साध्या गोळ्यांनीही ठोका भरकटतो, माणूस जाऊ शकतो. हे रक्तातून येतं. भावंडांचीही पट्टी काढा.

आमची आई मागेच शेतात खुरपता खुरपता गेली होती. त्या आठवड्यात तिला उलटीच्या गोळ्या चालू होत्या. तिचा बापही असाच गेला होता, तेव्हा आई जिती असताना मिरवायची, "आपल्यात माणूस खाटंवर सडत न्हाय. पुण्याई हाय." कसली डोंबलाची पुण्याई!

नामदेवची पट्टीही तशीच निघाली. दवाखाना जवळ हवा म्हणून मी पुण्यात पोराकडं चौथ्या मजल्यावर राहिले. आम्हाला न चालणाऱ्या गोळ्यांचं कार्ड कोथिंबीर आणायला जातानाही माझ्या पिशवीत असतं. त्यालाही तसंच कार्ड दिलं. बजावलं, खिशात ठेव, गोळी घेण्याआधी दाखव.

गेल्या हिवाळ्यात त्याचा घसा धरला. शेजारच्या सुनेनं तिच्या उरलेल्या गोळ्या दिल्या. आपल्याकडं उरलेली गोळी टाकत नाहीत, लोणच्यासारखी वाटतात. शहरातून गावी जाताना उरल्या गोळ्यांची पाकिटं नेणारे तुम्ही पुण्यातले गाववालेही तसलेच. तिसऱ्या दिवशी नामदेव अंगणात कोसळला. धाराशिवला छातीला शॉक दिले, तेव्हा वाचला.

चार दिवसांनी फोनवर आला.

"कार्ड कुठं होतं?"

"देव्हाऱ्यात. रोज हळदकुंकू वाहतोय की."

"देवाचा घसा धरला होता का रे?"

"वराडू नगंस, अक्का. छाती दुखतीया."

तुम्ही विचारता, अक्का तेरला घरी कधी येणार. येते की. आले की आधी नामदेवच्या खिशात हात घालते. कार्ड लागलं तर चपला काढते. नाही लागलं तर ते माझं घर नाही, उंबऱ्यावरूनच शिव्या घालून परत फिरते. मागल्या खेपेला लागलं. कडेला कुंकू होतं, पण खिशात होतं.