सासूबाईंचं वजन आणि डेलकाकांचा ट्रेलर

बरं, सांगते, पण आधी कबूल करा की माझ्या नवऱ्यासमोर हा विषय काढणार नाही. निखिल कुणाकडेही चहाला गेला की ही गोष्ट सांगतोच, आणि दर वेळी त्यात माझा मूर्खपणा थोडा वाढलेला असतो. त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका. मुळात तो भरपूर आहे, वाढवायची गरजच नाही!

मी इथे अमेरिकेत, कॅरीला, एका औषध कंपनीत डेटा अ‍ॅनालिस्ट आहे. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या आकड्यांतल्या चुका शोधायच्या आणि वर त्यांना शहाणपण शिकवायचं. हे लक्षात ठेवा, म्हणजे पुढे मजा येईल.

तर पुण्याहून सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आले होते. त्यांना डोंगर दाखवायचं ठरलं. समोर डेलकाका राहतात, तीस वर्षं अठरा चाकी ट्रक चालवून रिटायर झालेले. त्यांच्याकडे एक ट्रॅव्हल ट्रेलर आहे, म्हणजे चाकांवरचं छोटं घरच म्हणा ना. आत पलंग, शेगडी, बाथरूम, सगळं. ते म्हणाले, "घेऊन जा तीन दिवस. उभा राहून गंजतोय नुसता."

निखिलनं मोबाइलवर बघितलं. "आपली गाडी पाच हजार पौंड ओढते. ट्रेलर आहे चार हजारांचा. संपला विषय!"

विषय कसला संपतोय! डेलकाकांनी आमच्या गाडीचं ड्रायव्हरकडचं दार उघडलं आणि चौकटीवरचा एक पिवळा स्टिकर दाखवला. सहा वर्षं ती गाडी वापरतोय, तो स्टिकर आम्ही कधी वाचला असेल तर शपथ. त्यावर लिहिलं होतं, गाडीत बाराशे पौंडांपेक्षा जास्त वजन चढवू नका.

"ओढायचं वजन वेगळं आणि गाडीवर चढणारं वजन वेगळं," डेलकाका म्हणाले. "माणसं, बॅगा आणि ट्रेलरचं नाक जिथे गाडीवर टेकतं तिथला भार, हे सगळं मिळून बाराशे. त्यावर गेलात तर घाटात ब्रेक तुमचं ऐकणार नाहीत."

माझे सासरे मूळचे साताऱ्याकडचे. त्यांनी लगेच मान डोलावली. "बैलगाडीचंच शास्त्र की हे! गाडीत माल किती ते एक, आणि जू बैलाच्या मानेवर किती दाबतंय ते दुसरं."

तो ब्रेकचा शब्द मी ऐकला मात्र. म्हटलं, हे काम निखिलवर सोडायचं नाही. मी लॅपटॉपवर शीट उघडली. ट्रेलरच्या नाकाचा भार डेलकाकांनी मोजून दिला, चारशे तीस. मग इंडियाला जाताना बॅगा मोजायचा आपला तो हुकवाला काटा असतो ना, तो घेतला आणि घरभर फिरले. बर्फात खाणं ठेवायचा कूलर मोजला. कुकर मोजला. तांदळाची पिशवी मोजली. सासूबाई सोफ्यावर बसून हे सगळं बघत होत्या. मी काय मोजतेय, का मोजतेय, हे त्यांना सांगायचं मला सुचलंच नाही. त्या डेलकाकांच्या लेक्चरला नव्हत्या, आत पोळ्या करत होत्या.

मग आली माणसं. निखिल एकशे ऐंशी. आमची बारा वर्षांची इरा नव्वद, तेही "मॉम, दॅट्स सो रूड" असं ऐकवून. बाबा म्हणाले, "अडुसष्ट किलो. लिहून घे." राहिल्या आई.

आता तुम्हीच सांगा, सासूला वजन विचारलेली सून तुमच्या पाहण्यात आहे का? मी निखिलला म्हटलं, तू विचार. तो म्हणाला, "यार, माझी आई आहे ती. आणि मला जगायचंय."

मी आडवळणानं प्रयत्न केला. "आई, तुमचं शेवटचं चेकअप कधी झालं हो?"

"का?" आईंनी चष्म्यावरून बघितलं. "इथून जायला सर्टिफिकेट लागतं का?"

मी माघार घेतली. शीटमध्ये अंदाजानं एक आकडा टाकून दिला. बेरीज लिमिटच्या बाहेर गेली.

गुरुवारी दुपारी मी निखिलला ऑफिसात फोन लावला. तेव्हा काय बोलले ते शब्दशः सांगते, कारण नंतर ते मला सगळ्यांनी इतक्या वेळा ऐकवलंय की पाठच झालंय.

"नाही रे, आईंना धरलं की जमतच नाहीये. आईंना वजा केलं की सगळं कसं आरामात बसतं. बाबा राहू देत, बाबांचा काहीच प्रॉब्लेम नाही. आईंनाच वेगळं पाठवून देऊ. शनिवारी सकाळी कोणी नेऊन सोडतंय का बघ ना."

निखिलचा एक मित्र आम्ही उतरणार त्याच कॅम्पग्राउंडवर येणार होता, त्याच्या गाडीतून आईंना पाठवावं असं माझ्या डोक्यात. पण दाराआड लॉन्ड्रीचे कपडे घडी करत उभ्या असलेल्या आईंना ते कसं कळावं?

संध्याकाळी चहा दिला तर आई म्हणाल्या, "कशाला उगाच त्रास घेतलात?"

घेतलात! चौदा वर्षांत त्या मला कधी अहोजाहो बोलल्या नव्हत्या. मला वाटलं, त्यांचा घसा बसलाय, म्हणून काहीतरी वेगळं ऐकू आलं असेल. बघा माझी अक्कल.

शुक्रवारी सकाळी नणंदेचा पुण्याहून फोन. पल्लवी रडवेल्या आवाजात, "वहिनी, आईनं असं काय केलं गं? तिकीट प्रीपोन करताय? तेही एकटीचं? बाबांना ठेवून घेताय म्हणे!"

"कसलं तिकीट?"

"आई म्हणाली, दोन दिवस बॅगांची वजनं चाललीत. उद्या सकाळी तिला एअरपोर्टला सोडायला माणूस शोधताय."

मी धावत गेस्टरूममध्ये गेले. पलंगावर दोन्ही बॅगा उघड्या. साड्यांच्या घड्या लावून झालेल्या. आई खाली मान घालून औषधांचे डबे कोपऱ्यात बसवत होत्या, आणि बाबा खुर्चीत हतबुद्ध होऊन बसलेले.

"आई! अहो, हे काय करताय?"

"काही बोलू नका. मी कुणावर ओझं होऊन राहणाऱ्यांतली नाही." त्यांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं. "फक्त ह्यांना वेळेवर गोळ्या देत जा. बीपीची सकाळी."

खरं सांगते, त्या क्षणी मला हसू वगैरे काही आलं नाही. डोळ्यांत पाणीच आलं. माझ्या एका शीटपायी ही बाई रात्रभर झोपली नव्हती. मी लॅपटॉप आणला, त्यांच्या शेजारी बसले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. ट्रेलर, स्टिकर, बाराशे पौंड, घाट, ब्रेक.

आईंनी स्क्रीनकडे बघितलं. एकेक ओळ बोटानं वाचली. बोट थांबलं.

"माझ्या नावापुढे दोनशे? हे दोनशे काय?"

"अंदाज... अंदाजे टाकलं होतं."

"दोनशे?"

"पौंडात आहे हो आई!"

"पौंडात सगळंच जास्त दिसतं," बाबा घाईघाईनं म्हणाले.

आई उठल्या. बांगड्या काढल्या, चष्मा काढला, मोबाइल बाबांच्या हातात दिला आणि बाथरूममधला काटा आणून हॉलच्या मधोमध ठेवला. सगळ्यांसमोर त्यावर उभ्या राहिल्या. "वाच. आणि किलोत वाच."

एकाहत्तर. म्हणजे पौंडात एकशे सत्तावन्न.

"लिही," आई म्हणाल्या. "आणि आयुष्यात परत कुणाचा अंदाज बांधू नकोस."

बांधू नकोस! एकेरीवर आल्या! मी त्यांना मिठीच मारली. पल्लवीला फोन करून सगळं सांगितलं, ती इतकी हसली की शेजारी गोळा झाले असतील. तांदूळ-बिंदूळ थोडं कमी केलं, परत बेरीज केली. अकराशे पन्नास! वर पन्नास पौंड शिल्लक. मी निखिलला शीट दाखवली आणि म्हटलं, "ह्याला म्हणतात प्लॅनिंग."

शनिवारी निघालो. गाडी मी चालवत होते, कारण डेलकाकांनी आम्हा दोघांची चर्चच्या रिकाम्या पार्किंगमध्ये परीक्षा घेतली होती आणि निखिलनं खुणेसाठी ठेवलेले दोन प्लास्टिकचे कोन आडवे केले होते. निघताना काका म्हणाले, "घाटाच्या आधी ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर वजन कर आणि मला फोन कर."

मी काट्यावर गाडी चढवली. पुढे एक अठरा चाकी, मागे एक अठरा चाकी, मध्ये आमचं बिऱ्हाड. आतून पावती आणली. रिकाम्या गाडीचं वजन वजा जाता गाडीवर भार तेराशे दहा! माझ्या हिशोबापेक्षा एकशे साठ जास्त!

"काटा बिघडलाय," मी म्हणाले.

मागच्या ट्रकनं हॉर्न दिला. गाडी कडेला घेतली. निखिल बॅगा उचकू लागला. आई कसनुशा झाल्या. "माझंच चुकलं का गं? बांगड्यांसकट मोजायला हवं होतं."

"अगं, बांगड्या किती, एकशे साठ पौंडांच्या?" बाबा म्हणाले.

डेलकाकांना फोन लावला, स्पीकरवर. काका शांतपणे म्हणाले, "गाडीत कोण कोण आहे, वाच बघू."

मी शीट वाचली. "बाबा, आई, निखिल, इरा. सगळे आले."

"बरं. आणि गाडी कोण चालवतंय?"

"मी."

मी शीटवरून पुन्हा बोट फिरवलं. मग मागून इरा किंचाळली, "मॉम! यू फर्गॉट यू!"

डेटा अ‍ॅनालिस्ट! दहा वर्षांचा अनुभव! आईंना आधी हसू फुटलं, पदर तोंडाला लावून त्या इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. काकांनी उपाय सांगितला तो पाच मिनिटांचा होता. गाडीतलं सामान उचलून ट्रेलरमध्ये, बरोबर त्याच्या चाकांच्या वर ठेवायचं, म्हणजे भार गाडीवर येत नाही. ट्रेलरमध्ये अजून भरपूर जागा होती. पुन्हा काट्यावर गेलो. अकराशे ऐंशी!

ओल्ड फोर्टचा घाट चढताना मी स्टिअरिंग असं धरलं होतं की बोटं पांढरी पडली. पण गाडी हूं की चूं न करता चढली. वर पोचून व्ह्यू पॉइंटला थांबलो, समोर निळ्या डोंगरांच्या रांगा, आणि मी दोन दिवसांत पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतला. आईंनी पाठीवर हात ठेवला. म्हणाल्या, "सुखरूप आणलंस गं." काय सांगू, कसं हलकं वाटलं!

ते हलकेपण मिनिटभर टिकलं. इराच्या हातात पहिली पावती होती.

"वेट. म्हणजे डिफरन्स एकशे साठ. म्हणजे मॉम इज वन सिक्स्टी."

"किलोत किती होतात गं?" आईंनी अगदी सहज विचारलं.

बाबांनी डोळे मिटून हिशोब केला. "साडेबहात्तर."

आई डोंगरांकडे बघत राहिल्या. चेहऱ्यावर कमालीचं समाधान.

घरातल्या सगळ्यांची वजनं घरात झाली. माझं झालं ट्रकच्या काट्यावर, दोन अठरा चाकींच्या मध्ये, छापील पावतीसकट. आणि सासूबाईंपेक्षा दीड किलो जास्त!