यंदाचा संघ आणि आम्ही दोघी

मिनेसोटातल्या ईडन प्रेरीला आम्ही राहायला गेलो तेव्हा मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. क्रिकेट कळायचं. नागपूरला भाऊ रेडिओला कान लावून बसायचे, त्यांच्यात मीही घुसून बसायचे. विकेट पडली की चौकार गेला, हे मला शब्द ऐकू यायच्या आधी कॉमेंटेटरच्या आवाजावरून समजायचं.

हे एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचे. सकाळी गाडी घेऊन निघायचे ते अंधार पडल्यावर उगवायचे. मला गाडी चालवता येत नव्हती. पायी जाण्यासारखं एकच ठिकाण होतं, शेजारचं घर. तिथे एक वयस्कर बाई एकट्या राहायच्या. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, उंच, ताठ, आवाज वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचेल असा. पहिल्या भेटीत त्यांनी मला गोड पाव खायला दिला. त्यांच्या आजोळच्या स्वीडनमधला तो पाव, त्यात वेलदोडा घातलेला. तो वास आला आणि मला रडूच फुटलं.  त्यांनी ओट्यावरचा रेडिओ जरा मोठा केला. बेसबॉलची मॅच चालू होती.

तो उन्हाळा मी त्यांच्या स्वयंपाकघरात बेसबॉल शिकले. त्या टेबलावर मीठदाणी आणि कप मांडून मैदान करायच्या आणि कोण कुठे पळतो ते दाखवायच्या. इंग्रजीत तू-तुम्ही नसतं, पण माझ्या मनात त्या पहिल्यापासून 'तुम्ही'च होत्या. आमचा संघ हरत होता. सारखा हरत होता. तरी त्यात एक डावखुरा पिचर होता. त्याचा चेंडू इतका हळू यायचा की समोरच्या बॅटरला वाटावं, आपण हा सहज मारू, आणि मारायच्या क्षणी तो खाली बुडायचा. तो चेंडू टाकायला लागला की कॉमेंटेटरचा आवाज खाली यायचा आणि आम्ही दोघी बोलायचं थांबवायचो.

संघ तळाशी राहिला. ऑक्टोबर संपला, बर्फ पडायला लागलं, आणि मला वाटलं आता त्या घरी जायला निमित्त उरलं नाही. पण त्या म्हणाल्या, "खरा खेळ तर आता सुरू होतो. पुढच्या वर्षीचा संघ आपण ठरवायचा."

आणि आम्ही ठरवला. सबंध हिवाळा. बाहेर दार उघडलं तर श्वास गोठावा अशी थंडी, आणि आत आम्ही थर्ड बेसवर, म्हणजे मैदानाच्या तिसऱ्या टप्प्यावर, उभ्या राहणाऱ्या पोरावर वाद घालायचो. त्याच्या हातून चेंडू फार सुटायचे. मी म्हणायचे, त्याला बाहेर बसवा. त्या म्हणायच्या, "त्याची मनगटं बघ. वर्षभर दम धर." बॅटरच्या मागे उकिडवं बसून चेंडू झेलणाऱ्या कॅचरचे गुडघे गेले होते, त्याच्याबद्दल आमचं एकमत होतं. पेपरवाल्यांनी आमच्या संघाला पुन्हा शेवटचाच नंबर दिला तेव्हा त्या म्हणाल्या, "त्यांनी डावखुऱ्याला नीट पाहिलेलंच नाही. तो असेपर्यंत आपण पुन्हा तळाला जात नाही." पहिल्या मॅचला आम्ही दोघींनी जायचं ठरलं. तिकिटंही त्यांनी आणून ठेवली. मी ह्यांना सांगितलं तेव्हा हे म्हणाले, "जा की. एन्जॉय कर." एवढंच म्हणून पुन्हा टीव्हीकडे वळले.

मार्चमध्ये फ्लोरिडातून सरावाच्या मॅचेस रेडिओवर यायला लागल्या. आमच्याकडे अंगणात अजून बर्फ, आणि रेडिओतून उन्हातल्या माणसांचा गलका. एके दुपारी मी पोहे करत असताना बातम्यांत ऐकलं. डावखुऱ्याला पश्चिम किनाऱ्यावरच्या एका संघाला देऊन टाकलं होतं. त्याच्या बदल्यात दोन पोरं आली होती, त्यांचं नावही कुणी ऐकलेलं नव्हतं. मालक म्हणत होता की हे सगळं भविष्याचा विचार करून केलंय.

मी गॅस बंद केला आणि तशीच कोट चढवून शेजारी गेले.

त्या टेबलाशी बसल्या होत्या. त्यांनीही ऐकलं होतं. "सबंध हिवाळाभर मालकांनी त्याची पोस्टरं लावली," त्या म्हणाल्या. "बसवर, दुकानांत. तिकिटं विकली त्याच्या चेहऱ्यावर. आणि आता विकून टाकला त्यालाच." त्यांना इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग त्याच माझी समजूत घालायला लागल्या. माझा हात थोपटत म्हणाल्या, "तुला तरी तो बघायला मिळेल. तुम्ही रेडमंडला गेलात की तिकडे तो खेळायला येईलच."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"रेडमंड? ते कुठे आहे?"

आयुष्यभर भूगोल शिकवलेल्या त्या बाई काही बोलल्या नाहीत. त्यांचा हात माझ्या हातावर तसाच राहिला.

"आम्ही कुठे जाणार आहोत?"

"तुझ्या नवऱ्याने तुला अजून सांगितलं नाही?" त्या हळूच म्हणाल्या. "ख्रिसमसच्या सुमारास तो माझ्याकडे आला होता. तिकडे पश्चिम किनाऱ्यावर मोठ्या कंपनीत काम मिळालंय म्हणाला. माझा भाऊ घरं विकायचं काम करतो ना, त्याला विचारायला. तुला सांगू नका म्हणाला. मी स्वतः सांगेन म्हणाला."

म्हणजे थर्ड बेसच्या पोरावर आम्ही भांडत होतो तेव्हा त्यांना ठाऊक होतं. येत्या ऑगस्टमध्ये कोण कितव्या नंबरवर बॅटिंगला येईल हे मी मन लावून सांगत होते, तेव्हाही. मी हात काढून घेतला आणि घरी आले. पोहे गार गोळा झाले होते. मी ते फेकून दिले.

हे आले तेव्हा मी दारातच उभी होते. "तू मला सांगितलं का नाहीस?" मी विचारलं. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांना एकेरीत बोलले. त्यांनी ते ऐकलं, आणि हातातली बॅग खाली ठेवली.

"सांगणारच होतो. तू इथे आत्ता कुठे रुळत होतीस. म्हटलं, हिवाळा जाऊ दे."

"शेजारी जाऊन सांगता आलं."

"घराचं बघायचं होतं, यार. कामाचं होतं ते."

"आणि मी?"

ते वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागले. मग म्हणाले, "पगार चांगला आहे. तिकडे बर्फ नाही, नुसता पाऊस." मला बर्फाचा त्रास होतो हे त्यांनी आपल्या मनानेच ठरवून टाकलं होतं.

सामान मार्चअखेर जायचं होतं. मी म्हटलं, तुम्ही पुढे व्हा, मी पहिली मॅच बघून येईन. आम्ही बरेच दिवस एकमेकांशी नीट बोललो नाही, पण शेवटी हे एकटेच पुढे गेले. रिकाम्या घरात एक गादी आणि एक पातेलं ठेवून मी राहिले.

मॅचच्या दिवशी शेजारच्या बाईंनी हॉर्न वाजवला. जावं की न जावं असं मला वाटत होतं, पण मी गेले. मैदानात आमच्या पुढच्या रांगेतल्या एका माणसाच्या पाठीवर अजून डावखुऱ्याचाच नंबर होता. त्याच्या जागी बदल्यात आलेल्यांपैकी एक पोर चेंडू टाकायला उभं राहिलं. लोकांनी त्याची हुर्यो उडवली. त्याचा त्यात काय दोष होता, पण मीही ओरडले.

मधल्या एका इनिंगनंतर त्या म्हणाल्या, "मी सांगायला हवं होतं."

"हो."

"मला वाटलं, सांगितलं तर तू यायची बंद होशील. मग माझा हिवाळा कसा गेला असता?"

हे त्यांनी खरं सांगितलं, आणि म्हणूनच मला ते जास्त लागलं. 'तुझ्या भल्यासाठी' असं म्हणाल्या असत्या तर मी भांडले तरी असते. मी फक्त मैदानाकडे बघत राहिले. थर्ड बेसच्या पोराने एक अवघड चेंडू झेप घेऊन अडवला, लोक उभे राहिले, त्याही उभ्या राहिल्या आणि सवयीने माझ्याकडे वळल्या. मी बसूनच होते.

आम्ही ती मॅच हरलो.

रेडमंडला पाऊस खरंच फार होता. मी तिथे गाडी चालवायला शिकले, पुढे लायब्ररीत नोकरीही धरली. डावखुरा त्या भागात खेळायला आला तेव्हा मी गेले नाही. पेपरात त्याचा फोटो आला होता, नव्या टोपीत हसतानाचा. त्यालाही कुणी विचारलं नव्हतं हे मला समजत होतं, तरी त्याच्या हसण्याचा राग आला.

त्या वर्षी आमचा जुना संघ सगळ्यांचे अंदाज चुकवून चक्क वरच्या जागांसाठी झुंजला. बदल्यात आलेलं ते पोर मोठं नाव काढील असं लोक म्हणायला लागले. शरद ऋतूत शेजारच्या बाईंचा फोन आला. आवाज तोच, मागच्या बाकापर्यंत पोचणारा. म्हणाल्या, "पुढच्या वर्षीचं काय वाटतं तुला? कॅचर बदलायलाच हवा."

मला कॅचरबद्दल पुष्कळ सांगण्यासारखं होतं. मी म्हटलं, "बघू या." मग त्यांच्या तब्येतीची चौकशी केली, त्यांनी पावसाची केली, आणि आम्ही फोन ठेवला.