शीत म्हटलं की तो बसायचा

त्या कुत्र्याचे माझ्यावर उपकार आहेत, त्याच्यामुळं मला माझी आई कळली, हे आधीच सांगते, कारण सुरुवातीला मला त्याचा रागच यायचा.

कोरपन्याजवळच्या सिमेंट कारखान्यात बाबा फिटर होते. त्यांच्या साहेबांची बदली झाली आणि साहेबांचा पांढराशुभ्र पामेरियन आमच्याकडे आला. तेव्हा पामेरियन म्हणजे बंगल्यातलं कुत्रं. आमच्या सारवलेल्या अंगणात तो असा पाय उचलून चालायचा, जणू आम्हीच त्याच्याकडे राहायला आलोय.

निघताना साहेबांनी जीपमधून त्याला दटावलं, "सिट!" तो मुकाट बसला. आईनं ऐकलं "शीत". आई धानाच्या मुलखातली. तिला शीत म्हणजे शिजल्या भाताचा दाणा, एवढंच ठाऊक.

"भुकेजला बिचारा, शीत मांगून राह्यला," म्हणत तिनं त्याच्यापुढं वाटीभर भात ठेवला.

तेव्हापासून आई भात घेऊन यायची, "शीत" म्हणायची आणि तो टुणकन बसायचा. दोघांचं छान जमलं. वर आई शेजारणींना सांगायची, "याले मराठी समजते."

पुढं शाळेत इंग्रजी सुरू झालं आणि मला लगेच शिंगं फुटली. मी म्हणाले, "माय, सिट म्हणजे बस. साहेब त्याले बस म्हणत होते. तू काऊन भात देऊन राह्यली?"

आईचा वाढता हात काही थांबला नाही.

"मंग? आपल्या घरी जो बसला, त्याले जेवू नाई घालाव का?"