नेमकंबाईंच्या घरची खुर्ची

नेमकंबाईंचं खरं नाव ऑफिसच्या पाटीवर होतं तेवढंच. बाकी सगळीकडे त्या नेमकंबाई. समोरचा माणूस जरा रंगात येऊन बोलायला लागला, की बाई मान तिरकी करायच्या, चष्मा वर सरकवायच्या आणि म्हणायच्या, "ते ठीक आहे हो, पण नेमकं अडतंय कुठं?" हा प्रश्न त्यांनी मुख्याध्यापकांना विचारला होता, पाणीखात्याच्या इंजिनियरांना विचारला होता, आणि एकदा लिफ्टमध्ये कोंडल्या गेल्या तेव्हा बाहेरून धीर देणाऱ्या वॉचमनलाही आतून हाच विचारला होता. तो बिचारा अजूनही बाई दिसल्या की मुकाट्यानं जिन्याकडे बोट दाखवतो.

पण हसून चालणार नाही, त्यांचं पोटच त्या प्रश्नावर होतं. दवाखाने, नगरपालिका, वाचनालयं अशा संस्थांना अधूनमधून काहीतरी नवीन घ्यायची हुक्की येते. साहेब कुठल्याशा प्रदर्शनात जातात आणि परत येतात ते एखाद्या यंत्राच्या प्रेमात पडूनच. नगरपालिकेनं असाच एकदा बोलणारा कचऱ्याचा डबा घेतला होता. कचरा टाकला की डबा खणखणीत आवाजात "आभारी आहे" म्हणायचा. लोक दचकायचे. म्हातारी माणसं तर लांबूनच पिशवी भिरकावून पळ काढायची. थोड्याच दिवसांत डब्याभोवती हा ढीग, आणि डबा आतून चकचकीत! एवढी फजिती झाल्यावर साहेबांना शहाणपण सुचलं आणि त्यांनी नेमकंबाईंना बोलावलं.

बाई काय विकत घ्यायचं ते सांगत नसत. ते सांगणारे पुष्कळ असतात. कशासाठी घ्यायचं, तेवढं त्या शोधून द्यायच्या. मग संस्थेनं आपली अडचण चारचौघांत जाहीर करायची, आणि ज्याच्याकडे तिच्यावर काही नवा तोडगा असेल त्यानं पुढं यायचं. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, हे होऊ द्यायचं नाही, एवढंच काय ते त्यांचं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण माणसाला आपलं काय दुखतंय हे सांगायला लावणं महाकठीण. त्याला थेट औषधाचंच नाव घ्यायचं असतं.

त्यावर बाईंनी एक नियम काढला होता. त्यांच्या बैठकीत कुठल्याही वस्तूचं नाव घ्यायचं नाही. यंत्र म्हणायचं नाही, ॲप म्हणायचं नाही, कॅमेरा म्हणायचं नाही. अडचण तेवढी बोला. जो वस्तूचं नाव घेईल त्यानं उठून सगळ्यांना चहा ओतून द्यायचा. या नियमापायी भलेभले अधिकारी हातात किटली घेऊन टेबलाभोवती फिरलेले लोकांनी पाहिलेत. दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांना तर पेशंटना रस्ता दाखवणारा यंत्रमानव हवा होता. पेशंट चुकतात, भलत्याच खिडकीवर जातात, पुन्हा पुन्हा तेच विचारतात, ही त्यांची तक्रार. बिस्किटं फिरायच्या आत त्यांच्या तोंडून यंत्रमानव इतक्यांदा निघाला की शेवटी लोक चहा नको म्हणायला लागले. हात मात्र सर्जनचा, एक थेंब बशीत सांडला नाही.

मग बाई दवाखान्यातल्या बाकावर पेशंटांमध्ये जाऊन बसल्या. बघतात तर काय, रस्ता कुणीच चुकत नव्हतं. बाक सोडून उठायचीच लोकांना भीती होती. आपण पाणी प्यायला गेलो आणि तेवढ्यात आपली पाळी निघून गेली तर? एक आजोबा सकाळपासून पाय आवळून बसले होते, पण जागचे हलले नव्हते. खिडकीवर जाऊन विचारत होते ते एवढंच, की "माझं नाव गेलं तर नाही ना हो?" बाईंनी अडचण एका ओळीत मांडून दिली: पेशंटला रांग सोडून जाता आलं पाहिजे आणि तरी त्याची पाळी जाता कामा नये. ती जाहीर झाल्यावर एका लहानशा कारखान्यानं खिशात ठेवायची साबणाच्या वडीएवढी वस्तू करून आणली. पाळी जवळ आली की ती थरथरायची. मोठ्या डॉक्टरांनी आधी नाक मुरडलं, कारण तिला यंत्रमानवासारखे डोळे नव्हते. पण बाक मोकळे झाले, बागेत माणसं फिरायला लागली, तेव्हा तेच ती वस्तू पाहुण्यांना खिशातून काढून दाखवायला लागले.

बाहेर बाईंची अशी वाहवा चाललेली, आणि घरात? घरात दिव्याखाली अंधार.

घरी नवरा होता, तो दातांच्या कवळ्या बनवायचा. त्याचं म्हणणं, आपल्या धंद्यात गिऱ्हाईक तोंड उघडतं आणि गरज दिसते, बैठक घ्यावी लागत नाही. आणि बाईंचे वडील होते. आयुष्यभर बस चालवून रिटायर झालेले, बोलायला मोजके, गुडघ्यानं जरा अधू. आई गेल्यावर बाईंनीच त्यांना हट्टानं आपल्याकडे आणलं होतं. बाईंचा धाकटा भाऊ दुसऱ्या शहरात राहायचा आणि दर फोनवर म्हणायचा, "बाबा, आता माझ्याकडे या की." बाबा हसून विषय टाळायचे. ते टाळतात म्हणून बाईंना हायसं वाटायचं. बाबांशिवाय आता हे घर त्यांना डोळ्यांपुढे आणवत नव्हतं.

एक दिवस बाबा केस कापून आले ते खुशीत. न्हाव्याच्या शेजारी फर्निचरचं दुकान होतं आणि तिथं त्यांनी एक झुलती खुर्ची पाहिली होती. दुकानदारानं बसू दिलं, तर बसून दोन झोकेही घेतले होते. जेवताना ते म्हणाले, "मला एक झुलती खुर्ची आणशील?"

साधी गोष्ट. दुसरी कुणी लेक असती तर आणते म्हणाली असती किंवा नाही म्हणाली असती. नेमकंबाईंनी मान तिरकी केली. चष्मा वर सरकवला. बाबांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांनी घास हातातच ठेवला.

"खुर्ची राहू द्या बाबा. नेमकं अडतंय कुठं?"

बाबा म्हणाले, अडत काही नाही, खुर्ची हवी आहे. बाई म्हणाल्या, असं कसं, काहीतरी अडल्याशिवाय माणूस खुर्ची मागेल कशाला? आणि हे सांगताना तुम्ही पुन्हा खुर्ची म्हणालात. जेवण झाल्यावर बाबांनी खरोखरच सगळ्यांना चहा ओतून दिला. जावयानं कपाळाला हात लावला, पण चहा घेतला.

पुढं बाईंनी बापाचं निरीक्षण सुरू केलं. स्वयंपाकघराच्या दारातून बघायच्या. बाबा कसे बसतात, कुठं हात टेकतात, उठताना तोंड कसं करतात. निष्कर्ष पक्का झाला: अडचण बसण्याची नाहीच, उठण्याची आहे. झुलती खुर्ची आणली तर म्हातारा माणूस उठताना तोल जाऊन पडायचा. मग त्यांनी चौकशी करकरून एक नव्या प्रकारची खुर्ची मागवली. बटण दाबलं की तिची बैठक मागून हळूहळू वर यायची आणि माणसाला उभं करून द्यायची. बाईंनी ती स्वतः बटण दाबून, उभं राहून, पुन्हा बसून सगळ्यांना दाखवली. त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते दवाखान्याच्या वेळीसुद्धा नव्हतं.

बाबा बसले. बटणावर कोपर पडलं की काय, खुर्ची घरघरली आणि तिनं बाबांना वर्तमानपत्रासकट उभं केलं. बाबांनी मागं वळून तिच्याकडे पाहिलं. "आजवर या घरात मला कुणी ऊठ म्हणालं नव्हतं," ते म्हणाले आणि जाऊन पलंगाच्या कडेवर बसले. त्यानंतर ते तिथंच बसायचे. खुर्चीवर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या पडायला लागल्या. घरात बोलणंही कमी झालं.

आणि एके दिवशी, बाई समोर भाजी निवडत असताना, बाबांनी धाकट्याला फोन लावला. "रविवारी गाडी घेऊन ये. येतो तुझ्याकडे राहायला." एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला आणि कपाटावरची बॅग काढायला सांगितली.

बाई कारणं शोधायला लागल्या. सुनेच्या हातची चव हवी असेल? नातवंडांची सोबत? दुसऱ्या दिवशी ऑफिसातही त्या दिवसभर तेच घोकत होत्या. संध्याकाळी घरी येताना बसमध्ये दांड्याला धरून उभ्या असताना त्यांना एकदम उलगडा झाला. अरेच्चा! बाबा आयुष्यभर हलत्या सीटवर बसलेले. स्थिर खुर्चीवर त्यांच्या अंगाला चैनच पडत नसणार. शरीराला हेलकाव्याची सवय. हीच ती गरज, आणि आपल्या नजरेतून निसटली कशी! चपला काढायच्या आधीच त्यांनी हे बाबांना समजावून सांगितलं. बाबा बॅगेत टॉवेल ठेवत होते. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि मग त्यांना हसू आवरेना.

"छे गं. बसच्या सीटनं माझी कंबर मोडली. तिचं नाव काढू नकोस."

"मग झुलती खुर्ची कशाला हवी होती, बाबा?"

"आवडली म्हणून."

बाबा पलंगावर बसले आणि त्यांचं हसू ओसरलं. "तुझी आई गेली आणि मी इथं आलो, तेव्हापासून मी म्हणजे नुसता गुडघा झालोय. गुडघा, डोळे, गोळ्या. तू सगळं बघतेस, नाही म्हणत नाही मी. पण तुझ्या घरात काही मागायचं तर आधी लंगडून दाखवावं लागतं. मला नुसतं काही आवडू नये का? हौसेला मोल नसतं म्हणतात, इथं तर तिला जागाच नाही."

आतल्या खोलीत नवऱ्यानं रेडिओ बंद केल्याचं ऐकू आलं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायचं त्यांना सुचलंही नाही. किती संस्थांच्या किती बाकांवर त्या बसल्या होत्या, परक्या माणसांच्या मनातलं ओळखून आल्या होत्या, आणि इथं बाप तोंडानं स्वच्छ मागत होता ते त्यांना ऐकू आलं नव्हतं.

"बाबा, जाऊ नका ना."

बाबांनी मान तिरकी केली. चष्मा वर सरकवला. इतकी वर्षं लेकीला पाहत आले होते, नक्कल हुबेहूब साधली. "का? तुझं नेमकं अडतंय कुठं?"

बाईंनी खरंच शोधायला सुरुवात केली, सवयच ती. बाबा स्वयंपाक करत नव्हते. बिलं भरत नव्हते. दाराला कुलूप लावायलाही विसरायचे. त्यांच्यावाचून अडावं असं घरात एकही काम नव्हतं. बाईंनी सगळं घर मनातल्या मनात फिरून पाहिलं आणि त्या रिकाम्या हातांनी परत आल्या.

"काहीच अडत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही मला हवे आहात, एवढंच."

बाबांनी बॅगेतला टॉवेल बाहेर काढून खांद्यावर टाकला आणि धाकट्याला फोन लावला.

"रविवारी येऊ नकोस रे," ते म्हणाले. "घरी खुर्ची यायची आहे."