आदमचं सीलिंग

गनीचाचा कुठल्याही खोलीत शिरले की आधी वर बघायचे. माणसांकडे नंतर.

जिप्सम कालवण्याआधी पाण्यात कोपर बुडवून बघायचे. बाळाच्या अंघोळीचं पाणी बघतात तसं.

पेन्सिल डाव्या कानावर. उजवा कान फोनसाठी मोकळा.

माशाचा चांगला तुकडा ताटाच्या कडेला सारून ठेवायचे आणि शेवटी खायचे. आंब्याच्या फोडींचंही तेच.

कालवलेलं जिप्सम घट्ट व्हायला उशीर करू लागलं की त्याला अरबीत म्हणायचे, “यल्ला, यल्ला.” चल, चल.

दुसऱ्या दिवशीचं काम संध्याकाळी भिंतीवर लिहून ठेवायचे. वहीत नाही. “वही हरवते, बाय. भिंत कुठं जाते?”

आणि सव्वादोनशे वर्षांपूर्वी वारलेल्या एका माणसाबद्दल कायम वर्तमानकाळात बोलायचे.

‘बघायचे’, ‘ठेवायचे’, ‘म्हणायचे’ असं लिहिताना हात अडतो. परवाच्या शुक्रवारपर्यंत हे सगळं ‘बघतात’, ‘ठेवतात’, ‘म्हणतात’ होतं.

गनीचाचांचं पूर्ण नाव अब्दुल गनी आदम चोगले. गाव म्हसळा. आदम हे वडिलांचं नाव. बहारीनच्या ओळखपत्राच्या कार्डावर एवढं लांब नाव मावलं नाही, म्हणून चोगले गळालं आणि आदम शेवटी राहिलं. तिथल्या सलमाबादच्या आमच्या जिप्समच्या कारखान्यात इंजिनियर, ड्रायव्हर, सगळेच त्यांना ‘मिस्टर आदम’ म्हणत. मी चाचा म्हणायचे.

सगळं त्या कार्डामुळे झालं.

१९८३ साल. चाचा चोवीस वर्षांचे, बहारीनला येऊन दोन वर्षं झालेली. तेव्हा काम एकच, कालवायचं आणि वर द्यायचं. तिथल्या झिंज भागात एका नव्या बंगल्याच्या मजलिसचं, म्हणजे पाहुण्यांच्या खोलीचं, ड्रॉइंग आलं. फोरमन सुट्टीवर होता. ड्रॉइंगच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, ‘आदम सीलिंग’.

इंग्रजीत ते अॅडम आहे. चाचा सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेले. त्यांनी अक्षरं जुळवली आणि स्वतःचं नाव वाचलं.

“मी म्हटलं, चला, साहेबांनी मना वळखलं,” ते सांगायचे. “कार्डावर पण हेच, कागदावर पण हेच. मग विचारायचं कोणाला?”

त्यांनी कोणालाच हात लावू दिला नाही. सोळा फूट बाय सोळा फूट. मधोमध मोठं फूल, त्यातून चार कोपऱ्यांकडे गेलेल्या बारीक वेली, प्रत्येक कोपऱ्यात बावीस पानं. जाडी कुठेच बोटापेक्षा जास्त नाही. अकरा आठवडे लागले. मग ज्याने ड्रॉइंग काढलं होतं तो इंग्रज इंजिनियर आला आणि बराच वेळ मान वर करून उभा राहिला.

“हे कोणी केलं?”

“आदमने, सर.”

“ते मला ठाऊक आहे. पण केलं कोणी?”

“आदमनेच, सर.”

“अरे, आदम मेला सतराशे ब्याण्णवला!”

“नाय सर,” चाचा म्हणाले. “मी इथंच हाय.”

इंजिनियर हसून हसून शिडीवर बसला. मग त्याने सांगितलं की रॉबर्ट अॅडम नावाचा एक वास्तुकार होऊन गेला आणि अशा नक्षीच्या छताला त्याचंच नाव पडलं आहे. कारखान्यात पुढे तीन दिवस लोक चाचांना बघून हसत होते. चाचांना लाज वाटली का, असं मी एकदा विचारलं.

“लाज कसली? नावाचा सगा निघाला. परदेशात सगा मिळतो का असा?”

सहा वर्षांपूर्वी मी या कारखान्यात ड्रॉइंग लावून ठेवायच्या कामावर आले. एम.ए. झालं होतं, साहित्यात. तिसऱ्या दिवशी चाचा जेवणाचा डबा घेऊन माझ्या टेबलापाशी आले.

“तू शिकलेली ना, बाय? मग आमच्या आदमचं वाचून सांग. पस्तीस वर्षं झाली, वळख अर्धीच हाय.”

त्यानंतर दुपारच्या सुट्टीत आम्ही आदम वाचला. मी इंग्रजीतून शोधायचे आणि मराठीत सांगायचे. जन्म १७२८, स्कॉटलंडमधलं समुद्राकाठचं गाव. चाचा म्हणाले, “म्हणजे कोकणच.” बापही वास्तुकार, भाऊही त्याच धंद्यात. “चांगलं हाय. घरात भांडण होतं, पण माप चुकत नाय.” तरुणपणी तो इटलीला गेला, जुन्या रोमन इमारती बघितल्या, मोजल्या. मग लंडनला येऊन त्याने श्रीमंतांची घरं आतून बदलून टाकली. जड, फुगीर नक्षी काढून टाकली. पातळ, हलकी आणली. छतावर जी नक्षी, तीच खालच्या गालिच्यावर विणायला लावली. दाराच्या मुठीपर्यंत सगळं त्याने ठरवलं.

“छत आधी, गालिचा मागनं,” चाचा मान हलवत म्हणाले. “बरोबर करतो तो.”

एके दिवशी त्यांनी घास हातात धरून विचारलं, “पण तो तर कागदावर काढतो. वर हात कोणाचे?”

मला माहीत नव्हतं. दोन दिवस शोधलं. गिलाव्याचं काम करणाऱ्याचं नाव सापडलं, जोसेफ रोज.

“रोज?”

“हो. आडनाव आहे.”

“रोज करतो म्हणून रोज,” चाचा म्हणाले. “शुक्रवारची तरी सुट्टी देतो की नाय आदम त्याला?”

त्या दिवशी ते उठून गेले ते शीळ घालत. आदम सापडला होताच. आता वर चढणारा माणूसही सापडला होता.

एक गोष्ट मात्र त्यांनी मला पाच वर्षं सांगितली नाही.

त्या काळी पैसेवाल्या घरमालकांची एक रीत होती. काम संपलं की साचे त्यांच्यासमोर फोडायचे, म्हणजे तीच नक्षी दुसऱ्या कोणाच्या घरी दिसणार नाही. झिंजच्या मालकानेही तेच सांगितलं. चाचांनी स्वतः हातोडा घेतला. वर मालकाने शब्द मागितला, हे घर उभं आहे तोवर हे छत दुसरीकडे करायचं नाही. चाचांनी दिला.

सात वर्षांनी त्यांनी म्हसळ्याला घर बांधलं. पुढची खोली सोळा बाय सोळा.

“एवढी मोठी खोली कशाला, क्रिकेट खेळायला?” असं त्यांच्या बायकोने, शरीफुन्निसाचाचीने, विचारलं होतं. चाचांनी मोजपट्टी गुंडाळली. स्लॅबला फक्त पांढरा चुना लावला आणि परत बहारीनला आले. तीस-पस्तीस वर्षं ती खोली वरून कोरी राहिली. दर सुट्टीत चाची विचारायची, पंखा मधोमध का लावत नाही? चाचा पंखे भिंतींना लावायचे.

यंदा जानेवारीत बातमी आली. झिंजचा म्हातारा मालक कधीच वारला होता. मुलगा बंगला पाडून फ्लॅट बांधणार होता. चाचा माझ्याकडे आले. हात धुतलेले, शर्ट इस्त्रीचा.

“बाय, माझ्यासंगती चल. मना शब्द परत मागायचाय.”

मुलाला काही कळेना. चाचांनी अरबीत सांगितलं, मग परत सांगितलं. शेवटी तो हसला आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “खलास, चाचा! घर जातंय, तुमचा शब्द सुटला. काय हवं ते घ्या. सतरा दिवस आहेत.”

बाहेर आल्यावर मी म्हटलं, “मग आता नव्याने करा ना. हात तुमचेच आहेत.”

“चोवीस वर्षांचे होते ते हात. आताचे नाय. उतरवूनच घ्यायला पायजे.”

मार्चमध्ये त्यांचा व्हिसा संपत होता, ते कायमचे जाणार होते. सामानातून साचे न्यायचे आणि म्हसळ्याला छत ओतायचं, असा बेत. घर पडायच्या आत नक्षीवरून रबराचे साचे उतरले तरच. पडल्यावर कुठेच काही उरणार नव्हतं.

आमचे मॅनेजर गुरुप्रसाद सर पुण्याचे, हिशेबी माणूस. त्यांनी रजा दिली, परांची दिली, रबरही दिलं. “मिस्टर आदम, हे माझ्याकडून. पण पडू नका हां वरून.”

एका कोपऱ्याला चार दिवस. दोन दिवस जुन्या रंगाचे थर काढायचे, पानागणिक, ब्रशने. एक दिवस रबर चढवायचं. एक दिवस मागून प्लास्टरचा आधार; तोवर पुढच्याचा रंग काढायला घ्यायचा.

पाडकामाचा मुकादम हारून पहिल्या दिवशी खाली उभा राहून ओरडला, “ओ चाचा, वायर काढताय काय? तांबं विकायला?”

“पाणी उकळ रे, रंग भिजवायचाय.”

“मी मुकादम आहे, चहावाला नाही!”

दुपारी तोच किटली घेऊन आला. चाचांनी त्याला वर बसवून सांगितलं, “आदम पण एका राजवाड्याचं माप घ्यायला जातो. समुद्रापलीकडं, स्प्लिट गावात. तिथला सुभेदार म्हणतो, हा हेर हाय. पाच आठवड्यांत काम उरकून निघतो बिचारा.”

“कोण आदम?”

“माझा सगा.”

हारूनने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली.

तेरा दिवसांत मधलं फूल आणि तीन कोपरे उतरले. गुरुवारी दुपारी चाचांनी चौथा सुरू केला. मी संध्याकाळी गेले तेव्हा ते परांचीवर उताणे पडून त्याच्याकडे बघत होते.

“हे तीन साच्याचे,” ते म्हणाले. “चौथ्याच्या वेळी साचा फुटला होता. साहेब दोन दिवसांनी येणार. मी सुरी घेतली आणि ओल्या जिप्सममध्ये हातानं कोरला. आजपातुर कोणी वळखलं नाय. साहेबानंसुद्धा नाय.”

मी निरखून बघितलं. पानं तीच. पण इथली जरा वाकलेली होती, वारा एकाच बाजूने आल्यासारखी.

“मग हा आधी का नाही घेतला?”

“चांगला तुकडा कोणी आधी खातं का?”

उद्या शुक्रवार, पण दिवस कमी आहेत, काम करा, असं मी म्हणाले. त्यांनी हात झटकला. “रोजला पण सुट्टी असते, बाय. मंगळवारपर्यंत हाय वेळ. इंशाल्ला होतं.”

शनिवारी सकाळी ते उठले नाहीत. खोलीतल्या सोबत्याने फोन केला. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं. सोमवारी चाचा विमानाने म्हसळ्याला गेले.

मधल्या रविवारी मी गुरुप्रसाद सरांना विचारलं, आपल्यातलं कोणी चौथा उतरवू शकेल का.

“दोन दिवसांत? घाईत रबर ओढलं तर पानंच निघून येतील हातात. पण अडचण काय आहे, पूर्णिमा? चारही सारखेच. पहिल्याच साच्यात चौथा ओतायचा.”

मी त्यांना सुरीचं सांगितलं. ते खुर्चीत बसले. म्हणाले, “चाळीस वर्षं बोलला नाही हा माणूस.”

साचे आता सलमाबादला खोक्यांत भरून ठेवले आहेत. पाठवायचे की नाही हे विचारायला मी शरीफुन्निसाचाचीला फोन केला. खोलीच्या मापाचं कारण तिला तेव्हाच कळलं.

“किती आलंय म्हणालीस?”

“मधलं फूल आणि तीन कोपरे. चौथा त्याच साच्यात ओतता येईल, असं सर म्हणतात.”

“नको. तो कोराच ठेवा. कोणी विचारलं तर सांगेन, यांचा करायचा राहिलाय.” मग नाक ओढून म्हणाली, “पस्तीस वर्षं उकाड्यात बसवलं मना. एका शब्दानं बोलले असते तर काय बिघडलं असतं?”

मंगळवारी घर पाडायचं मशीन आलं. त्याआधी हारूनने मला शेवटचं वर जाऊ दिलं. चौथ्या कोपऱ्यात सात पानं स्वच्छ झाली होती. आठव्याचा रंग देठापर्यंत निघाला होता, पुढे जुना पिवळा तसाच होता. ब्रश पाण्याच्या डब्यात उभा होता. बाजूच्या भिंतीवर पेन्सिलने लिहिलं होतं:

‘शनिवार. चौथा कोपरा. पान ८ पासून.’