आधी चर्च

"आधी चर्च!" असं म्हणत आजी माझ्या टेबलाच्या मधोमध मिठाची बरणी ठेवायच्या. बरणीच्या पायथ्याशी चमचा आडवा, तो ओढा. मिसळणाच्या डब्यातली हळदीची वाटी म्हणजे मे महिन्यातलं मोहरीचं पिवळं शेत. गाव मांडून झाल्याशिवाय बाई चहाच्या कपाला हात लावतील तर शपथ!

लंडनजवळच्या हाउन्सलोला आमची घरं भिंतीला भिंत लागून. माझी मुलगी त्यांना आजी म्हणायची, म्हणून मीही. इंग्रज नवऱ्याशी लग्न करून त्या जर्मनीतल्या एका चिमुकल्या खेड्यातून इकडे आल्या. नवरा गेला, गाव डोक्यात राहिलं. तुमच्याही शेजारी असं कोणीतरी असेलच, ज्यांचं गाव तुम्हाला न बघताच पाठ झालंय.

"अहो आजी, कालच सांगितलंत की!"

"काल बेकरी राहिली होती."

ओढ्यातले दगड टेकडीवर वाहून नेऊन गावकऱ्यांनी चर्च बांधलं. युद्धात त्याची घंटा वितळवायला नेली, ती न वितळता परत आली, तेव्हा सगळं गाव रडलं. चर्चमागे लिंडेनच्या झाडाखाली आजींच्या आईची कबर. "मला तिच्या शेजारी ठेवायचं. मुलाला सांगून ठेवलंय," हे रोजचं पालुपद.

आणि मग त्या गावाखाली कोळसा सापडला.

खाणवाल्यांनी थोड्या अंतरावर नवं गाव बांधलं आणि विचारलं, तुमच्या माणसांच्या कबरी तिकडे हलवू का? बहुतेक सगळे हो म्हणाले. आजींनी ठणकावून नाही सांगितलं.

"आई तिथे असताना ते खणतील कसे? एक कबर जरी राहिली ना, तरी थांबावंच लागेल त्यांना."

मी काय बोलणार, कपाळ? माझं सासर कोयनेच्या पाण्याखाली गेलंय. देवळात देव होता तरी पाणी थांबलं नव्हतं. पण त्यांचं तोंड बघून चहाच पुढे सरकवला.

गेल्या वर्षी मुलगा त्यांना नवं गाव दाखवायला घेऊन गेला. परत आल्या त्या बसस्टॉपवरून घरापर्यंत माझा हात धरून आल्या. रस्त्यांना नावं जुनीच, म्हणाल्या, पण चढ कुठेच नाही. ओढ्याचं नाव एका गल्लीला दिलंय. आणि ज्यांच्यासाठी कोणी हो म्हटलं नव्हतं, त्या सगळ्या कबरींतली हाडं नव्या दफनभूमीच्या एका कोपऱ्यात एकत्र पुरलीत. वर एक दगड, नाव कोणाचंच नाही.

"यातली माझी आई कुठली, विचारलं. कोणाला सांगता येईना गं."

दुसऱ्या दिवशी त्यांना हाक मारली, चहा टाकला, मिठाची बरणी मधोमध ठेवली आणि उगीच हसून म्हटलं, "आधी चर्च! आता पुढे?"

त्यांनी बरणीकडे पाहिलं. मग उचलून माझ्या हातात दिली.

"मीठ आहे ते," म्हणाल्या आणि गरम चहा पिऊ लागल्या.

पुन्हा त्यांनी गाव मांडलं नाही. हिवाळ्यात गेल्या. मुलाने मला विचारलं, "आता कुठे नेऊ हिला?" शेवटी इथल्याच कौन्सिलच्या सिमेटरीत पुरलं. दगडावर नाव नीट कोरलंय. शेजारची जागा रिकामी आहे.